फोन पुण्यात लागतो, गाडी वस्तीवर आणायची असते

बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या कुठल्याही शेतातून अँब्युलन्ससाठी १०८ लावा, फोन उचलतात पुण्यात. २०१४ साली महाराष्ट्रात ही सेवा सुरू झाली ती पुण्यात औंधला एक केंद्र ठेवून आणि राज्यभर ९३७ गाड्या उभ्या करून. त्यातल्या २३३ गाड्या व्हेंटिलेटरपर्यंत सगळं असलेल्या, बाकी ७०४ साध्या. दोन्हींत डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो. २०११च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, म्हणजे साधारण एक लाख वीस हजार माणसांमागं एक गाडी. कोण कुठं पडलंय, कुठली गाडी जवळ आहे, कुणाला निघायला सांगायचं, हे सगळं एका ठिकाणी बसून ठरतं.

मी आशा गटप्रवर्तक आहे. माझ्या गटातल्या आशाताईंचे रात्री-बेरात्री फोन येतात ते बहुतेक याच कामाचे: "ताई, गाडी सांगितलीय, पण त्यांना गाव घावंना झालंय." पुण्यात बसलेल्या माणसाला गाड्या कुठं उभ्या आहेत ते दिसतं. मारुतीच्या पारापासून खाली उतरून वढ्याच्या कडंनं तांड्यावर जायचं, हे त्याला कसं दिसणार? ते आपल्यालाच माहीत. ते त्याच्या हाती दोन मिनिटांत कसं द्यायचं आणि गाडी येईपर्यंत गावानं काय करायचं, ते इथं लिहिते आहे. अनुभव बीड जिल्ह्याचा आहे, पण मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत थोड्याफार फरकानं हेच चालेल.

केंद्र नको, ड्रायव्हरचा नंबर द्या, असं म्हणणाऱ्यांसाठी

गावातल्या बैठकीत ही मागणी हमखास येते. "पुणं कशाला मधे? आपल्या दवाखान्यातल्या गाडीच्या ड्रायव्हरचा नंबर द्या, आम्ही बोलावून घेतो." पूर्वी तसंच होतं. ज्याची ओळख त्याची गाडी. ड्रायव्हर सुट्टीवर असला किंवा गाडी गॅरेजला गेली की पुढं कुणाला विचारायचं हे कुणालाच ठाऊक नसे. आणि तांड्यावरच्या बाईकडं ड्रायव्हरचा नंबर असायचाच कुठून?

एका केंद्राचा मोठा फायदा असा की केजची गाडी बाहेर असली तर अंबाजोगाईची येऊ शकते, धारूरची येऊ शकते, नाहीतर मांजरा नदीपलीकडच्या कळंबची येऊ शकते. कळंब धाराशिव जिल्ह्यात आहे. तालुक्याच्या ऑफिसात बसून दुसऱ्या जिल्ह्याची गाडी कुणाला हलवता आली असती? म्हणून केंद्र राहावं असंच माझं मत आहे. आपण गावाकडून त्याला जोड द्यायची.

दोन गोष्टी मात्र समजून घ्या. १०८ची गाडी केंद्रातून सांगितल्याशिवाय हलत नाही, त्यामुळं ती तुमच्या डोळ्यांसमोर उभी असली तरी आधी फोन लावा आणि गाडी समोरच उभी आहे हेही सांगा. ड्रायव्हरशी भांडण्यात जाणारी दहा मिनिटं पेशंटची असतात. दुसरं, तालुक्याची गाडी अडकते ती बहुतेक पुढं पाठवलेल्या पेशंटपायी. ग्रामीण रुग्णालयातून अंबाजोगाईच्या स्वारातीला (स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात), कधी लातूरला, कधी सोलापूरला, कधी थेट छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. घाटीला जाऊन परत यायचं म्हणजे गाडीचा दिवस गेला. तेवढ्या वेळात आलेल्या फोनला लांबची गाडी मिळणार हे धरूनच गावानं तयारी ठेवायची.

पत्ता वरून खाली सांगा

आपली सवय उलटी आहे. आपण घरापासून सुरू करतो: "अहो ते साळुंक्यांच्या मळ्यात, विहिरीजवळ." समोरचा विचारतो, गाव कुठलं? आपण म्हणतो, "पिंपळगाव." मग तालुका, मग जिल्हा, आणि मधल्या मधे फोन कटतो.

सुरुवात जिल्ह्यापासून करा. नुसतं "शिरूर" म्हणालात तर पुण्याच्या माणसाला पहिलं आठवणार पुणे जिल्ह्यातलं शिरूर. आपल्याकडं बीडमध्ये शिरूर कासार आहे, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ आहे आणि त्याच जिल्ह्यात अहमदपूर तालुक्यात शिरूर ताजबंद आहे. वाशी धाराशिवातही आहे आणि नवी मुंबईतही. मुरूड लातूरचं आहे तसं रायगडचंही. सेलू परभणीत आणि वर्ध्यात, आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात, कळंब धाराशिवात आणि यवतमाळमध्ये. ही तर मोठी गावं झाली. वडगाव, टाकळी, बोरगाव, चिंचोली, पिंपरी किती आहेत याची मोजदादच नको.

माझ्या गटात आम्ही प्रत्येक वस्तीसाठी एक चिठ्ठी तयार केली आहे. ती अशी वाचायची:

"जिल्हा बीड. तालुका केज. गाव अमुक, वस्ती अमुक. केज–अंबाजोगाई रोडवर, केजकडून येताना डाव्या हाताला फाटा, फाट्यावर कमान आहे. फाट्यापासून आत तीन किलोमीटर डांबरी, मग शाळा. शाळेपासून पुढं कच्चा रस्ता. शाळेपाशी बॅटरी घेऊन माणूस उभा राहील."

"केजकडून येताना" हे शब्द सोडू नका. गाडी अंबाजोगाईकडून आली तर डावं उजवं होतं, आणि रात्री दोन वाजता हे ड्रायव्हरला कुणी समजावून सांगत बसत नाही. खूणही रात्री दिसेल अशी निवडा. मोबाईल टॉवरचा लाल दिवा, पेट्रोल पंप, कमान, उशिरापर्यंत चालणारा ढाबा चालतो. चिंचेचं झाड, पांढरं घर, पाटलाचा वाडा चालत नाही.

एका गावाला दोन फाटे आहेत. हायवे रुंद झाल्यावर नवा फाटा झाला, पाटीही तिथंच लागली. गावातले लोक अजून जुन्याच फाट्याला फाटा म्हणतात. एका रात्री बाळंतिणीचं अंगावरून रक्त जायला लागलं. नातेवाईक तिला जीपमधे घालून जुन्या फाट्यावर आले. अँब्युलन्स नव्या फाट्यावर पाटीखाली उभी. दोन्हीकडचे लोक एकमेकांना फोनवर सांगतायत, "आम्ही फाट्यावरच आहोत." मधे जेमतेम दीड किलोमीटर, आणि वळणामुळं एकमेकांचे दिवे दिसत नव्हते. शेवटी एका ट्रकवाल्यानं थांबून सांगितलं की मागं एक अँब्युलन्स उभी आहे. बाई वाचली. त्या गावच्या चिठ्ठीत आता "पाटी असलेला नवा फाटा" असं लिहिलेलं आहे, आणि जुन्या फाट्याचं नावच घ्यायचं नाही असं ठरलं आहे. तुमच्या गावाला दोन फाटे, दोन कमानी, दोन शाळा असतील तर आजच ठरवून टाका कोणती सांगायची.

चिठ्ठी कुठं लावायची? लाईटच्या मीटरजवळ, अंगणवाडीच्या दारावर, मंदिरात, शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात. ग्राम आरोग्य समितीच्या अबंधित निधीतून पाट्या रंगवता येतात, ग्रामसेवकाला आणि सरपंचाला विचारा. आणि एक जागा लोक विसरतात: विहिरीवरच्या स्टार्टरची पेटी. शॉक, साप, विहिरीत पडणं, मळणीयंत्रात हात जाणं हे सगळं शेतात होतं, आणि शेतात असलेला सालगडी कधी कधी दुसऱ्या तालुक्यातला असतो. त्याला गावाचं नाव माहीत असतं, तालुका माहीत नसतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिठ्ठी पेटीत चिकटवा.

स्मार्टफोन असेल तर गुगल मॅपवर आपण उभे आहोत त्या जागी बोट दाबून धरा, दोन आकडे येतात. केजच्या आसपास पहिला आकडा १८नं आणि दुसरा ७५ किंवा ७६नं सुरू होतो. तसा नसेल तर बोट दुसरीकडंच पडलंय. हे आकडे वस्तीच्या चिठ्ठीवर आधीच लिहून ठेवा, म्हणजे साध्या फोनवरूनही वाचून सांगता येतात.

फोन कोण करणार

पेशंटच्या जवळचा माणूस. हे मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि तरी घरोघरी उलटं होतं. सासरा छातीला हात लावून बसला की सून आधी पुण्याला नवऱ्याला फोन करते, आणि नवरा तिथून १०८ लावतो. फोन त्याच केंद्रात जातो, पण पेशंट शुद्धीवर आहे का, घाम आलाय का, श्वास कसा चाललाय, यातलं त्याला काही सांगता येत नाही. पुढं गाडीचा पायलट, म्हणजे ड्रायव्हर, परत फोन करतो तोही त्या पुण्यातल्या नवऱ्यालाच, कारण केंद्राकडं नंबर त्याचा. मग नवरा सुनेला, सून शेजाऱ्याला, शेजारी नवऱ्याला. बाई गं, तूच लाव फोन. १०८ला पैसे लागत नाहीत, आणि बोलायला कुणी पुढारी लागत नाही.

काय बोलायचं त्याचा एक नमुना देते. माझ्या एका आशाताईनं तांड्यावरून असाच फोन केला होता:

"बीड जिल्हा, केज तालुका, अमुक तांडा. बाई आहे, वय साठच्या आसपास. झोपेत साप चावलाय, अर्धा तास झाला. शुद्धीत आहे, बोलतीय, पण पापण्या जड पडायल्यात आणि पोटात दुखायलंय. मी तिच्यापाशीच बसलीय."

एवढ्यात सगळं आलं: जागा, काय झालं, किती वेळ झाला, आत्ता कशी आहे. पापण्या जड होणं आणि पोटात दुखणं हे मण्यारीचं लक्षण असू शकतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं कधी कळतही नाही. ती पापण्यांची गोष्ट सांगितली म्हणून फोनवरच्या डॉक्टरला घाई कळली. लक्षण सांगा, रोगाचं नाव आपण ठरवू नका. "ॲसिडिटी असंल" असं आपणच म्हणालो तर समोरचाही तसंच धरेल.

आणि खरं सांगा. हे मला फार कळकळीनं लिहायचं आहे. घरात कुणी फवारणीचं औषध घेतलं तर घरचे "चक्कर आली" म्हणून सांगतात, पोलिसांच्या आणि लोकांच्या भीतीनं. डॉक्टर चकरेचा पेशंट म्हणून तयारी करतो आणि वेळ जातो. औषधाचा डबा सोबत द्या, त्यावरचं नाव फोनवरच वाचून दाखवा. ओकारी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून अंग धुवा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आहे, त्याला शिक्षा करायची नाही. त्याला उपचार मिळणं हा त्याचा हक्क आहे. केस दवाखाना नोंदवेल, ते त्यांचं काम. तुम्ही माणूस वाचवा.

फोन ठेवल्यावर

ज्या नंबरवरून १०८ लावला तो फोन आता कुणीही वापरायचा नाही. पायलटचा कॉल त्याच नंबरवर येणार आहे. आपल्याकडं पेशंट पडला की पाहुण्यारावळ्यांचे फोन सुरू होतात, "काय झालं, कसं झालं," आणि पायलटला नंबर व्यस्त लागतो. एका लेकराच्या हातात तो फोन द्या आणि सांगा, ओळखीचा नंबर आला तर उचलू नको. पाहुण्यांना दुसऱ्या फोनवरून कळवा. बॅटरी संपत आली असेल तर केंद्राला सुरुवातीलाच दुसरा नंबरही द्या. नेटवर्क फक्त गच्चीवर किंवा टाकीवर येत असेल तर त्या लेकराला तिथंच बसवा.

दुसरा माणूस मोटारसायकल घेऊन फाट्यावर. जाताना बॅटरी घ्यायची, आणि गाडी आली की पुढं मोटारसायकल चालवत आणायची. "सरळ या" असं फोनवर सांगण्यापेक्षा हे कितीतरी वेगात होतं. ही दोन माणसं कोण ते आधीच ठरलेलं असावं, कारण त्या वेळी सगळे पेशंटभोवती गोळा झालेले असतात आणि फाट्यावर कुणीच नसतं.

थांबायचं की निघायचं

गावातलं सगळ्यात मोठं भांडण यावरून होतं. माझा नियम असा आहे: केंद्रातल्या माणसाला सरळ विचारा, "गाडी कुठून निघतीय?" गावाचं नाव कळलं की अंतर आपल्याला कळतं, ते त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त चांगलं कळतं. गाडी जवळून निघत असेल तर थांबा. लांबून येत असेल तर विचारा, "आम्ही इकडून निघू का? वाटेत कुठं भेटू?" आणि भेटायची जागा नावानं ठरवा. अमुक पेट्रोल पंप. "रस्त्यात भेटू" म्हणालात तर दोन्ही गाड्या एकमेकांना ओलांडून जातात.

झाडावरून, कोरड्या विहिरीत किंवा गच्चीवरून पडलेल्या माणसाला मात्र जीपमधे कोंबू नका. मान-पाठ दुखावली असेल तर आपल्या उचलण्यानंच माणूस आयुष्यभरासाठी अधू होतो. त्याला आहे तसा ठेवा, सावली करा, गाडी येऊ द्या. साप चावलेला, छातीत दुखणारा, तोंड वाकडं झालेला, बाळंतीण, यांच्याबाबत फोनवरच्या डॉक्टरला विचारून निघता येतं. तोंड वाकडं, हातात जोर नाही, बोलणं अडखळतंय, असा पेशंट सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात लागतो, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. म्हणून "शेवटचा बरा कधी दिसला होता" ती वेळ लिहून ठेवा. सापाच्या पेशंटला चालवू नका, करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, बांगड्या-जोडवी काढून ठेवा. देवाला नंतर जाता येतं.

गावातल्या गाड्यांची यादी हवीच. जीप, पिकअप, टमटम, कुणाकडं कोणती, रात्री उठणारा ड्रायव्हर कोण, दारू न पिणारा कोण. डिझेलचे पैसे कोण देणार हे पेशंट गाडीत असताना ठरवायचं नसतं. एका गावात बचत गटानं डिझेलपुरते पैसे बाजूला काढून ठेवलेत, तो मला सगळ्यात चांगला उपाय वाटला. पावसाळ्यात यादीत ट्रॅक्टरही हवा. आपली काळी माती भिजली की अँब्युलन्स रुतते, मग पेशंट डांबरीपर्यंत ट्रॉलीतच आणावा लागतो. ट्रॉलीत गादी, गादीखाली कडबा. फरशी पुलावरून पाणी चाललं असेल तर ते केंद्राला पहिल्याच वाक्यात सांगा, कारण नकाशात पूल दिसतो, पाणी दिसत नाही. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आले तेव्हा कित्येक गावांचे रस्ते असेच तुटले होते. पलीकडून कोणता रस्ता चालू आहे हे फक्त गावाला ठाऊक असतं.

खाजगी गाडीनं निघालात तर १०८ला परत फोन करून सांगा की गाडी नको. नाही सांगितलं तर ती रिकामी तुमच्या दारात येते, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाचं लेकरू तिची वाट बघत असतं.

बाकीचे नंबर

१०२ गरोदर बाई आणि तान्ह्या लेकरासाठी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ला आला तेव्हापासून सरकारी दवाखान्यात नेणं, गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं आणि घरी सोडणं फुकट आहे. ही गाडी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची, ड्रायव्हर ओळखीचा, त्याला वस्त्या पाठ. कळा सुरू झाल्या की १०२, पण रक्त जातंय, झटके येतायत, बाळ रडत नाही, असं असेल तर १०८ पण लावा.

११२ हा पोलीस, आग, दवाखाना सगळ्यांचा मिळून नंबर. महाराष्ट्रात तो २०२१ पासून आहे, त्याची केंद्रं नवी मुंबई आणि नागपूरला. मारामारी किंवा मोठा अपघात असेल तर तो उपयोगी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जालना, छत्रपती संभाजीनगरकडं समृद्धीवर अपघात दिसला तर जवळचं गाव सांगण्यात अर्थ नाही, कारण खाली उतरायला वाटच नसते. रस्त्याकडेचा किलोमीटरचा आकडा सांगा आणि गाडीचं तोंड नागपूरकडं होतं की मुंबईकडं ते सांगा.

अपघातातल्या अनोळखी माणसाला मदत करताना घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये आणि नंतर २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगायची सक्ती नाही. आणि कोणत्याही दवाखान्यानं, सरकारी असो की खाजगी, पोलीस येईपर्यंत उपचार थांबवायचे नाहीत, हे तर १९८९ पासून ठरलेलं आहे.

उदगीर, देगलूर, बिलोली, धर्माबाद या सीमेवरच्या लोकांनी एक लक्षात ठेवावं. फोन कुठल्या टॉवरला धरला आहे त्यावर कॉल कुठल्या राज्यात जाईल हे अवलंबून असतं. समोरून कन्नड किंवा तेलुगू ऐकू आलं तर कापू नका, "महाराष्ट्र" एवढं सांगा, ते जोडून देतात का बघा. नाही जमलं तर गावाच्या आतल्या बाजूला येऊन किंवा दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून लावा. सीमेवरच्या प्रत्येक वस्तीत कोणत्या जागेवरून कॉल बरोबर लागतो ते एकदा विचारपूस करून ठेवा. सरावासाठी १०८ लावू नका, लाईन अडते. ज्यांनी खरी गरज पडली तेव्हा लावला होता त्यांना विचारा.

कुठल्या दवाखान्यात

जिल्हा बीड असला तरी केजच्या माणसाला अंबाजोगाई जवळ, बीड लांब. आष्टीच्या माणसाला नगर जवळ. हे गाडीतल्या डॉक्टरला बहुधा माहीत असतं, पण गाडी बाहेरच्या तालुक्यातली असेल तर तुम्ही सांगा. शेवटचा निर्णय डॉक्टरचा. आशाताईंनी मात्र एक काम आधी करून ठेवावं: आपल्या आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात सापाची लस, म्हणजे विषावरचं इंजेक्शन, आत्ता शिल्लक आहे का, हे महिन्याच्या बैठकीत विचारत राहायचं. ग्रामीण रुग्णालयानं पुढं पाठवलं तर चिठ्ठीवर काय दिलं आणि किती वाजता दिलं ते लिहून घ्या, आणि पुढच्या दवाखान्यात फोन करायला तिथल्या डॉक्टरांना विनंती करा.

तालुक्याकडं काय मागायचं

ग्रामसभेत ठराव घ्या आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं द्या. गावाचं सरकारी नाव, लोकांच्या तोंडातलं नाव, वाड्या, तांडे, फाटा आणि पावसाळ्यात बंद होणारे पूल, अशी यादी तालुक्याकडून पुण्याच्या केंद्रात जायला हवी. ती दर वर्षी ताजी व्हायला हवी. आणि तालुक्याची गाडी पेशंट घेऊन लांब गेली की शेजारची गाडी मधल्या एखाद्या ठिकाणी आणून उभी करायला हवी. केंद्राला सगळ्या गाड्या दिसतात म्हणूनच हे शक्य आहे, त्यासाठी पुण्याचं काम तालुक्याला आणायची गरज नाही. तालुक्यात रस्ते ओळखणारा एक माणूस मात्र चोवीस तास फोनवर हवा, ज्याला केंद्र विचारू शकेल की हा तांडा नेमका कुठं. त्या माणसासाठी आम्ही भांडतो आहोत.

यादीची एक फेरी दसऱ्यानंतर करा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघतात, आणि अर्ध्या गाडीवाल्यांची, फाट्यावर जाणाऱ्या पोरांची नावं यादीत राहतात पण गावात कुणी नसतं. राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं. त्यांच्यातून फोन करणारं कोण, बॅटरी घेऊन जाणारं कोण, ते नव्यानं लिहा. शाळेतली आठवी-नववीची मुलं हे फार नीट करतात, त्यांना चिठ्ठी वाचून दाखवायला लावा.

आणि जाणाऱ्या टोळीलाही चिठ्ठी द्या. उसाच्या फडात, कोपीवर (पाचटाच्या झोपडीत) राहताना बाईला आपण कुठल्या जिल्ह्यात आहोत हेही कधी कधी सांगता येत नाही. फड बदलला की पत्ता बदलतो. टोळीच्या मुकादमाकडून दर वेळी जिल्हा, तालुका, गाव, जवळचा फाटा आणि कारखान्याच्या गट ऑफिसचा फोन लिहून घ्यायचा आणि कोपीत मडक्यावर किंवा पेटीच्या झाकणावर चिकटवायचा. टोळी कर्नाटकात गेली असेल तर तिथंही नंबर १०८च आहे. फक्त फोन करताना जवळच्या दुकानदाराला किंवा शेतमालकाला बोलायला लावा आणि आपण पेशंटजवळ थांबा.